सर्वज्ञ मित्राला काय विचारावं?

प्रश्न : आमचा चार-पाच जणांचा कट्टा आहे. रोज संध्याकाळी पाचोरा स्टेशनाबाहेर चहाला जमतो. आमच्यातला एक मित्र सगळंच जाणतो. चंद्रावर यान उतरलं की त्याच्या इंजिनाची माहिती याच्याकडे, कापसाचा भाव पडला की अमेरिकेतलं कारण याच्याकडे. कुणाच्या गुडघ्यात कळ आली तर डॉक्टरच्या आधी निदान हाच करतो. माणूस लाख मोलाचा, अडीअडचणीला पहिला धावतो, म्हणून कुणी त्याला तोडून बोलत नाही. पण आता आमचा एक खेळच झालाय : याला काय माहीत नसेल? कुणी म्हणतं पेंग्विनची सोयरीक, कुणी म्हणतं मंगोलियातल्या न्हाव्यांचा संप, कुणी म्हणतं सोळाव्या शतकातली बटणं. एकेक विषय काढतो, ‘त्याले इचारा’ म्हणतो आणि पोट धरून हसतो. तोही हसतो, आणि मग पेंग्विनबद्दल खरोखरच सांगायला लागतो! दिवाळीत सगळे जमणार आहोत. तेव्हा असे काही विषय सुचवा, की जे खरे असतील, आपल्या खानदेशातले असतील आणि ज्यावर तो निदान मिनिटभर गप्प बसेल.
– पाचोऱ्याहून एक वाचक

उत्तर : पेंग्विन आधी यादीतून काढा. तुमचा मित्र पेंग्विनवर बोलतो याचं नवल नाही. अॅडेली पेंग्विनचा नर घरट्यासाठी खडे गोळा करतो, ही गोष्ट निसर्गावरच्या शेकडो कार्यक्रमांत दाखवून झाली आहे. बटणांचाही कुणीतरी इतिहास लिहिला असणार आणि तो फोनवर सापडत असणार. विषय जितका लांबचा आणि चमत्कारिक, तितका तो कुणीतरी हौसेनं लिहून ठेवलेला असतो. वाचनाची आवड असलेला माणूस तिथे अडत नाही. तो अडतो ते घराजवळ. रोज दिसतं म्हणून ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, हातांना येतं म्हणून जे कुणी कागदावर उतरवलं नाही, तिथे भलेभले थांबतात. तुमची यादी अशाच ठिकाणांहून करू या.

सुरुवात जमिनीपासून. धुळ्याहून साक्री-नंदुरबारकडे जाताना शेतांमधून, माळांवरून काळ्या दगडाच्या लांबच लांब सरळ भिंती गेलेल्या दिसतात. कुठे गुडघाभर, कुठे टेकडीएवढ्या. मित्राला विचारा : या कुणी बांधल्या? त्या कुणीही बांधलेल्या नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरत होते. तेव्हा जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांतून शिलारस वर चढला आणि काही भेगांत तिथल्या तिथे थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजून खाली बसला आणि भेगेतला कठीण डोलेराइट उभा राहिला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अभ्यासकांनी अशा दोनशेहून अधिक डाइक नकाशावर मांडल्या आहेत. बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम धावतात आणि सर्वांत लांब आहे ती ऐंशी किलोमीटरच्या घरात जाते.

एवढं त्याला माहीत निघण्याची शक्यता आहे. म्हणून खरा प्रश्न पुढचा ठेवा : या भिंतीच्या एका अंगाच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी आणि दुसऱ्या अंगाची विहीर माघातच कोरडी, असं का होतं? डाइकचा खडक एकसंध असेल, तर जमिनीखालून वाहत येणारं पाणी तिला अडतं आणि वरच्या अंगाला तुंबून राहतं. तोच खडक तडकलेला असेल, तर पाणी त्याच्याच फटींतून धावतं आणि मग डाइकच्या जवळ खोदलेली विहीर लागते. आपल्या शिवारातली कोणती कशी आहे, हे त्या गावच्या जुन्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तुमच्या मित्राला ते ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

आता माझ्या यादीतला सगळ्यात आवडता विषय : पांझरेचा फड. तमाशाचा फड किंवा उसाचा फड म्हणालात तर मित्र लगेच बोलू लागेल, म्हणून नीट विचारा : ‘पांझरेवरच्या फडात शेताला पाणी कोण सोडतं, आणि शेताच्या मालकानं ते का सोडायचं नाही?’

पांझरा नदी पिंपळनेरच्या वरच्या डोंगरात उगम पावते आणि साक्री, धुळे करत मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. ही धरणं नव्हेत. पाणी साठवायचं नाही, फक्त उंचावून बाजूला वळवायचं, एवढंच त्यांचं काम. बंधाऱ्यापासून पाट निघतो आणि जमिनीचा उतार धरून आपोआप वाहत जातो. ना पंप, ना वीज. पाटाखालची भिजणारी जमीन तीन-चार भागांत वाटलेली असते. त्यातला एकेक भाग म्हणजे फड.

एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात दोन हंगामी पीक, तिसऱ्यात एका हंगामाचं. पुढच्या वर्षी पाळी बदलते. यामागे मोठा विचार आहे. उसाला लागेल तेवढं पाणी ज्वारीला दिलं तर ज्वारी बसते आणि ज्वारीच्या हिशोबानं पाणी दिलं तर ऊस वाळतो. पिकं शेजारी शेजारी मिसळली की पाण्याची भांडणं ठरलेली. सगळा फड एका पिकाखाली असला की पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग देता येतं, गळती कमी होते, राखण सोपी जाते, आणि पीक बदलत राहिल्यानं जमिनीचा कसही राहतो.

पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं. कोणत्या शेताला किती वेळ, हे तो ठरवतो आणि त्याच्या हातानंच पाणी सुटतं. मालक कितीही मोठा असो, आपल्या शेताचं तोंड त्यानं उघडायचं नाही. पिकाची राखण जागल्यांकडे, सगळ्यांवर देखरेख हवालदाराची, आणि हे सगळे गावच्या पंचांना बांधील. त्यांचा मोबदला शेतकरी आपसांत, जमिनीच्या प्रमाणात देत. शेतातून उरलेलं पाणी परत ओढ्याला किंवा नदीला नेणारी वाट असते, तिला सांडम म्हणतात. पाटाच्या शेवटालाही पाण्याचा निकाल लागलेला असतो. जास्त पाण्यानं जमीन चोपण होऊ नये म्हणून केलेली ही सोय कित्येक नव्या कालव्यांवरही विसरली गेली.

मला यातली सगळ्यात थोर वाटते ती टंचाईतली व्यवस्था. नदीला पाणी कमी असलं तर त्या वर्षी एखादा पूर्ण फडच भिजवायचा नाही, असं ठरे. बहुतेकांची जमीन एकाहून जास्त फडांत विखुरलेली असल्यामुळे नुकसान कुणा एकट्याच्या माथी येत नसे. पाण्याच्या समन्यायी वाटपावर आज परिसंवाद होतात. पांझराकाठच्या माणसांनी हे तीन-चारशे वर्षं करून दाखवलं. पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि विजेचे पंप आले, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. काही बंधाऱ्यांवर फड अजून चालतात, काहींवर नावापुरते उरले आहेत. जुन्या पाटकऱ्यांचं शहाणपण माणसागणिक कमी होत चाललं आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

मित्र म्हणेल, ‘विश्वेश्वरय्या धुळ्याला होते, त्यांनीच केलं असेल.’ हे उत्तर येणारच, तयारी ठेवा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नोकरीच्या अगदी सुरुवातीला खानदेशात पांझरेच्या प्रवाहावर नळांचा सायफन उभारण्याचं अवघड काम त्यांच्याकडे आलं, आणि त्याची आठवण त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. पण फड त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ आणली. जमिनीचे गट पाडायचे आणि गटागटानं पिकं फिरवायची, असं तिचं स्वरूप होतं. फडाशी तिचं साम्य उघड आहे.

तुम्ही पाचोऱ्याचे, म्हणजे चाळीसगाव तुमच्या हाताशी. तिथून वीसेक किलोमीटरच्या आत पाटणादेवी. भास्कराचार्य, ‘लीलावती’, शून्यानं भागाकार, हे सगळं तुमचा मित्र घडाघडा सांगेल. ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० सालचा, हेही सांगेल. त्याला विचारा की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाचा खर्च कशातून चाले. याचं उत्तर पाटणच्या देवळातल्या शिलालेखात कोरलेलं आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथे मठ स्थापन केला, आणि १२०७ च्या सुमारास निकुंभ घराण्यातल्या सामंतांनी त्याला दान दिलं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात लिहिली, आणि देण्याघेण्याचा व्यवहार आला तेव्हा बाजारातल्या माणसाला कळेल अशी भाषा घेतली. पाटणच्या पेठेत जो माल विकायला उघडला जाईल त्यावरचा राजाचा हक्क मठाला, धान्य मोजायचं ते मठाच्या मापानं, आणि तेलाचे जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल, असा तो तपशील आहे. भारतातल्या एका थोर गणितज्ञाची परंपरा पाटणच्या तेल्यांच्या पळीभर तेलावर आणि गिऱ्हाइकांच्या पैशांवर चालत होती. शाळेच्या पुस्तकात भास्कराचार्य एकटेच असतात. पाटणच्या दगडावर त्यांच्यासोबत अख्खी बाजारपेठ आहे, आणि म्हणून मला तो दगड जास्त मोलाचा वाटतो.

आता एक सापळा. मित्राला सहज विचारा, बहिणाबाईंच्या कविता कोणत्या बोलीत आहेत? दहातले नऊ जण ‘अहिराणी’ म्हणतात. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, १८८० चा जन्म, संसार जळगावात. त्यांच्या ओव्यांची भाषा त्या बाजूची लेवा गणबोली. धुळ्याकडची, ‘शे’ आणि ‘ऱ्हायना’वाली अहिराणी वेगळी. खानदेश एकच बोली बोलतो, हा समज खानदेशाबाहेरच्यांनी करून घेतला तर समजू शकतं. आपण तरी करून घेऊ नये. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशी मराठीबरोबर ठेवलेली नसून भिल्ली भाषांच्या जोडीला आहे, हेही सांगून टाका. त्यावरचा वाद रात्रभर पुरेल.

भुसावळचा मित्र कट्ट्यावर असेल तर त्याच्यासाठी एक. अजिंठ्याची चित्रं आयुष्यभर नकलून काढणारा मेजर रॉबर्ट गिल कुठे पुरला आहे? कंपनी सरकारनं १८४४ साली त्याला या कामावर नेमलं. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्याच्या मोठमोठ्या तैलचित्रांतली बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तरी तो परत कामाला लागला. १८७९ साली तो वारला, आणि त्याची कबर भुसावळला आहे. जंक्शनवर गाडी बदलणाऱ्या लाखो माणसांना याचा पत्ता नसतो. तसाच चाळीसगाव स्टेशनाजवळचा केकी मूस यांचा बंगला. मेजावर काच, कागद, भाजी, पाव असं काहीबाही मांडून त्याचं निसर्गदृश्य वाटावं असं छायाचित्र घेणारा हा कलावंत १९८९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, बहुतेक काळ त्या घरातच राहिला. स्टेशनावरून रोज जाणाऱ्या किती जणांनी आत पाऊल टाकलं आहे, हा प्रश्न कट्ट्यावर सगळ्यांनाच विचारता येईल.

अमळनेर म्हटलं की मित्र ‘विप्रो’ म्हणेल. १९४५ साली प्रेमजींची तेल-तुपाची कंपनी तिथे निघाली, हे आता पोरंसोरंही सांगतात. तुम्ही त्याच गावातली १९१६ सालची संस्था विचारा. श्रीमंत प्रताप शेठ या गिरणीमालकानं स्वतःचा पैसा घालून तत्त्वज्ञान मंदिर काढलं. त्याला नफा नको होता, पदव्यांची दुकानदारी नको होती. देशभरातल्या विद्वानांनी इथे राहावं, वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा, एवढाच हेतू. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांना विसाव्या शतकातले फार मोठे भारतीय तत्त्वज्ञ मानतात, ते काही काळ इथले संचालक होते. प्रताप हायस्कुलात शिक्षक होण्याआधी साने गुरुजीही याच मंदिरात अभ्यासाला आले होते. बोरी नदीच्या काठच्या गिरणीच्या गावात एकेकाळी मायावादावर इंग्रजीतून वाद झडत होते, हे ऐकून तुमचा मित्र नक्की मिनिटभर थांबेल.

शेवटचा विषय स्वयंपाकघरातला, आणि तोच सगळ्यात अवघड. मित्राला भरिताची कृती विचारू नका, ती तो सांगेल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही सांगेल. त्याला विचारा : पऱ्हाटीच्या जाळावर वांगं भाजताना ते आतपर्यंत शिजलं हे न कापता कशावरून ओळखायचं? बडगीत ठेचताना कुठे थांबायचं, म्हणजे त्याचा लगदा होत नाही आणि शिराही राहत नाहीत? मांड्याचा उंडा हातावर फिरवून मोठा करतात, तेव्हा पुरण बाहेर न येता तो कोपरापर्यंत कसा पसरतो, आणि उलट्या खापरावर टाकण्याचा क्षण कोणता? ही उत्तरं त्याच्या आईकडे, मावशीकडे, आखाजीला माहेरी येणाऱ्या बहिणीकडे आहेत.

येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल या दोघांनी २००२ साली याच गोष्टीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पँटची चेन, शिवणयंत्र, संडासाची टाकी अशा वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं, असं त्यांनी लोकांना विचारलं. लोकांनी स्वतःला भरपूर गुण दिले. मग सांगितलं, आता एकेक पायरी करून समजावून लिहा. लिहायला बसल्यावर अडखळायला झालं, आणि नंतर त्याच लोकांनी स्वतःचे गुण आपणहून कमी केले. वस्तू रोज वापरली की तिची रचना कळते असं आपल्याला वाटत राहतं. ही सवय सगळ्यांचीच असते. तुमचा मित्र ती मोठ्यानं बोलून दाखवतो, बाकीचे चहा पीत मनात ठेवतात. म्हणून त्याला ‘काय माहीत आहे?’ असं न विचारता ‘कसं होतं, पायरीपायरीनं सांग’ असं विचारा. त्याला चूक ठरवायला दुसरं कुणी लागणार नाही आणि मनही दुखावणार नाही.

या खेळाला एकच नियम घाला : विचारणाऱ्याला उत्तर माहीत हवं. म्हणजे दिवाळीच्या आधी एकानं साक्रीकडे जाऊन पाटकऱ्याला भेटायला हवं, एकानं पाटणादेवीचा लेख पाहायला हवा, एकानं आईजवळ चुलीशी बसायला हवं. पावसाळा सरल्यावर पांझरेच्या बंधाऱ्यांवर पाणी असतं, रस्ते कोरडे असतात, आणि भरिताची वांगीही थंडीबरोबर येतात.

प्रश्न : आमच्या धुळ्याच्या कट्ट्यावरही एक सर्वज्ञ आहे. आम्ही त्याची गंमत करायला एक खोटंच नाव तयार केलं : ‘त्रिपर्णी मान्सून’. असलं काही जगात नाही. त्याला म्हटलं, यंदा त्रिपर्णी मान्सून जोरात आहे म्हणतात. तो दहा मिनिटं बोलला! हवेचे दाब सांगितले, शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरण दिलं. आम्हाला हसू आवरेना. त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. माणूस असं का करतो? आणि आमचं वागणं बरोबर होतं का?
– धुळ्याहून एक वाचक

उत्तर : तो खोटं बोलत होता असं समजू नका. बहुधा त्याला ते त्या क्षणी खरंच माहीत असल्यासारखं वाटलं. डेल्रॉय पॉलहस या मानसशास्त्रज्ञानं हे मोजायची एक युक्ती रूढ केली : खऱ्या नावांच्या यादीत काही बनावट नावं मिसळायची आणि कोण कशाला ‘ओळखतो’ म्हणतो ते पाहायचं. बनावट नावं ओळखणारे प्रत्येक वेळी निघतात. २०१५ साली स्टाव्ह अटीर, एमिली रोझेनझ्वाइग आणि डेव्हिड डनिंग यांनी दाखवलं, की एखाद्या विषयात आपण जाणकार आहोत असं ज्याला जास्त वाटतं, तो त्या विषयातले नसलेले शब्दही जास्त ओळखतो. ‘यादीत काही शब्द खोटे आहेत’ असं आधी बजावलं तरी हे थांबलं नाही. जाणकार माणूस नवा शब्द ऐकतो आणि त्याच्या ओळखीच्या तुकड्यांतून अर्थ जुळवतो. ‘मान्सून’ त्याला माहीत आहेच, ‘त्रि’ही माहीत आहे. बाकीचं त्याच्या मनानं भरून काढलं.

याच अभ्यासात तुमच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. काही जणांना आधी भूगोलाची सोपी प्रश्नपत्रिका दिली. ती त्यांनी पटापट सोडवली, आपण भूगोलात पक्के आहोत असं त्यांना वाटलं, आणि मग अस्तित्वातच नसलेली गावंही त्यांनी जास्त ओळखली. कट्ट्यावर आपण हेच करत असतो. आधी सोपं विचारतो, ‘वा, तुला बरं माहीत!’ म्हणतो आणि मग तो थांबत नाही म्हणून तक्रार करतो. सुरुवात अवघड प्रश्नानं करा. ‘ठाऊक नाही’ हे पहिल्या पाच मिनिटांत एकदा तोंडून निघालं, की उरलेली संध्याकाळ मोकळी जाते. आणि ते आधी तुम्ही म्हणा. बाकीचे सगळे आपलं अज्ञान लपवून बसले असताना त्यानं एकट्यानं ते मान्य करावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तुमचं वागणं बरोबर होतं का? मला ते पटलं नाही. खोट्या नावाच्या खेळात हरणारा माणूस काही शिकत नाही, आणि जिंकणाऱ्यालाही काही मिळत नाही. शिवाय ती गोष्ट त्याला बाहेरून कळली तर दहा वर्षांची मैत्री ताणली जाईल. ज्यानं नाव काढलं त्यानं एकट्यानं जाऊन त्याला सांगावं, चारचौघांत नको, आणि लवकर सांगावं.

खोटं कशाला काढायचं, धुळ्यात खरंच एवढं आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्यभर मठामठांतून हिंडून ती जमवली. समर्थांच्या हातचं मानलेलं वाल्मीकी रामायण तिथेच आहे. रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला, हे तुम्हाला माहीत असेल. तो मित्राला वाचून दाखवायचा मोह होईल. आधी सगळ्यांनी मिळून वाचा, त्यात प्रत्येकाला आपलं एखादं लक्षण सापडतं. राजवाडे संशोधन मंडळही तुमच्याच गावात. वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच वारले. मतं ठासून मांडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण ती मतं त्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची जुनी दप्तरं स्वतः उलगडून कमावली होती. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे राहिले. तुमच्या मित्राला दहा मिनिटं बोलता येतं, म्हणजे उत्साह आहे. त्याला या दोन दारांपर्यंत घेऊन जा.

आणि त्याची माफी मागून झाली की त्याच्यापुढे खऱ्या पावसाचा प्रश्न ठेवा : नवापूरला धो-धो पाऊस आणि शिंदखेड्याला दरसाल टँकर, हे असं का? अंतर तर फारसं नाही. अरबी समुद्रावरून येणारे वारे तापीच्या खोऱ्यातून आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकावरून आत शिरतात, पश्चिमेच्या उतारांवर पाणी टाकतात आणि डोंगर ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत रिते होतात. इथवर तो सांगेल. मग त्याला साक्रीचं विचारा : एकाच तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला भात आणि पूर्वेकडे बाजरी, तर ही रेघ नेमकी कोणत्या गावापाशी बदलते? ते सांगायला तालुक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलेला माणूस लागेल. रविवारी गाडी काढा, त्याला पुढच्या सीटवर बसवा, आणि वाटेत जो पहिला शेतकरी भेटेल त्याच्याशी बोलायचं काम त्यालाच द्या.